चार तासांचा फरक

बडोदे,
कार्तिक वद्य सप्तमी, रात्रीचे साडेदहा

प्रिय मित्रा,

आज जिताडा मिळाला. बाजारातून आणलेला नाही, गळाला लागलेला. खंभातच्या आखातावरच्या कंबोईच्या खाडीवर सकाळी सव्वाआठच्या सुमाराला मी स्वतः ओढून काठापर्यंत आणला. घरी येऊन काट्यावर घातला तर पावणेदोन किलो भरला. तुला लगेच फोन करणार होतो, पण फोनवर आपण दोघं एकदम बोलतो आणि मुख्य गोष्ट राहून जाते. म्हणून जेवणं आटोपल्यावर कागद घेऊन बसलोय. दोनदा साबणाने हात धुतले तरी बोटांना लसणीचा वास आहे.

मुख्य गोष्ट माशाची नाहीच. काकांची आहे, तुझ्या बाबांची.

१९७९ ची कंबोई तुला आठवत असणारच. आपण नववीत होतो, दिवाळीची सुट्टी होती. काकांनी ओट्यावर बसून आपल्याला तो हिशेब शिकवला होता: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अलिबागच्या घरी त्यांच्या आजोबांनी शिकवलेला. आपल्याला तर ती जादूच वाटली होती. पंचांग उघडायचं आणि समुद्र कुठे आहे ते सांगायचं! मग काका म्हणाले, द्वादशीला नऊ, सकाळची वेळ, चला कंबोईला. तुळशीच्या लग्नाचा दिवस होता. काकूंनी बजावलं होतं, आज घरात मासा चढणार नाही, मिळाला तर तिथेच वाटून या, आणि दिवेलागणीच्या आत घरी पाहिजे.

आदल्या संध्याकाळी प्रतापनगरहून छोट्या गाडीने जांबुसर. रेल्वेतल्या माणसाच्या घरचे म्हणून स्टेशनात आपली केवढी बडदास्त! रात्री काकांच्या सोबत्याकडे झोपलो आणि पहाटेच्या एसटीने आठच्या सुमाराला कंबोईला उतरलो. तिन्ही कळकाच्या काठ्या, तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, डब्यात भिजवलेली कणीक आणि कोळंबी. आणि समोर समुद्रच नव्हता. चिखल. नजर जाईल तिथवर करडा, ओला, चकाकणारा चिखल, त्यात उड्या मारणारे निवटे मासे, आणि फार लांब एक पांढरी रेघ, ती पाण्याची की उन्हाची तेही कळेना.

काका काठी खांद्याला लावून उभे होते. घड्याळ बघत होते. मला त्यांचा चेहरा आजही दिसतो. चिडलेला नव्हता, खजीलही नव्हता. एखाद्या भरवशाच्या माणसाने शब्द मोडल्यावर होतो तसा होता. साडेनऊची एसटी चुकली तर तुळशीच्या लग्नाला पोचणार नव्हतो, म्हणून निघालो. वाटेत ते एवढंच म्हणाले, "गणित चुकलं असेल." पुन्हा कधी त्यांनी कंबोईचं नाव काढलं नाही. तो हिशेबही पुन्हा कुणाला शिकवला नाही. तुझ्या धाकट्या भावाला तर तो ठाऊकच नाही, मी विचारलं होतं.

मित्रा, गणित चुकलं नव्हतं.

गेल्या वर्षी हिच्याबरोबर कंबोईलाच स्तंभेश्वराच्या दर्शनाला गेलो होतो. कार्तिकेयाने तारकासुराला मारल्यावर स्थापन केलेलं लिंग, अशी तिथली कथा. दिवसातून दोनदा भरतीचं पाणी देवळावर चढतं आणि महादेव बुडतात. म्हणून तिथे येणाऱ्या प्रत्येकाला भरतीच्या वेळेप्रमाणेच चालावं लागतं. मी विचारलं, आज पाणी कधी? उत्तर आलं, "बपोरे बे वागे." दुपारी दोनला. त्या दिवशी त्रयोदशी होती. सवयीने मनात पाऊणपट केली, तर आली पावणेदहा. पावणेदहा आणि दोन. ही हात जोडून उभी होती आणि मी बोटांवर मोजत होतो. सव्वाचार तास.

घरी येऊन एक वही केली. वर्षभरात अकरा खेपा झाल्या. प्रत्येक वेळी तिथी, पाऊणपटीने आलेली वेळ आणि डोळ्यांनी पाहिलेली वेळ. फरक कधी चार तास, कधी थोडा जास्त, पण प्रत्येक वेळी फरक आहेच, आणि तो एकाच बाजूला. कारण साधं आहे. भरती समुद्रातून येते ती आधी तुमच्या अलिबागच्या किनाऱ्यावर भरते. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आहे, तोंड रुंद आणि आत निमुळतं, उथळ. त्या उथळ पाण्यातून भरतीची लाट आत सरकत यायला वेळ लागतो. येताना दोन्ही काठ जवळ येतात, म्हणून पाणी उंच चढत जातं. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी साधारण पाच मीटर चढतं-उतरतं, तर समोर भावनगरला दहाच्या वर. जे पाणी इतकं चढतं ते तितकंच उतरतंही, म्हणून मैलमैल चिखल उघडा पडतो. आपण द्वादशीला आठ वाजता जे पाहिलं ती जवळजवळ पुरी ओहोटी होती. पाणी एक वाजता येणार होतं. आपण जेवणाचा डबा घेऊन तिथेच बसून राहिलो असतो, तर समुद्र आपल्या पायाशी आला असता.

काकांनी तेव्हा तिथल्या कुणाला विचारलं नाही. विचारण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता. मी विचारलं, कारण मला काहीच येत नव्हतं. तिथे पगडिया मच्छीमार आहेत, म्हणजे होडी नसलेले, पायी चिखलात जाऊन खुंटांना जाळी बांधणारे. त्यांच्यातल्या एका वयस्क गृहस्थांशी माझी ओळख झाली. मी त्यांना भाई म्हणतो, ते मला साहेब म्हणायचे, आता मास्तर म्हणतात, कारण मी सारखा वहीत लिहीत असतो. त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, पौर्णिमा-अमावास्येला इथे गळ टाकू नका. पाणी धावत येतं, गढूळ असतं, शिसं जागेवर ठरत नाही, आणि परतीची वाट बंद झालेली कळतही नाही. सप्तमी-अष्टमीला या, भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं, पाणी सावकाश भरतं. दुसरी, उघड्या किनाऱ्यावर उभे राहू नका, नाळेच्या, म्हणजे खाडीच्या अरुंद फाट्याच्या, तोंडाशी उभे राहा. भरतीबरोबर बोय मासे आणि कोळंबी तिवरांच्या मुळांत शिरते आणि मोठा मासा तोंडाशी वाट बघतो.

म्हणून आजची सप्तमी. सातची पाऊणपट सव्वापाच, अधिक चार, सव्वानऊ.

पहाटे साडेचारला निघालो. दांडिया बाजार निजलेला, फक्त दुधाच्या गाड्या. पादरा गावात चहा घेतला. पुढे जांबुसरपर्यंत दोन्ही बाजूंना कपाशी. बोंडं फुटलीत, गाडीच्या दिव्यात शेतं पांढरी दिसतात. सहाला खाडीवर पोचलो तेव्हा चंद्र मावळतीकडे कलला होता आणि पाणी नाळेच्या तळाशी चार बोटं होतं. भाई आधीच चिखलातून परत आले होते. त्यांनी पत्र्याच्या डब्यात जिवंत कोळंबी ठेवली होती माझ्यासाठी. पैसे कसेबसे घेतात.

दगडी बांधावर बसलो. त्याच्या खाली एक पाऊलही टाकत नाही, हे हिला दिलेलं वचन आहे. कोळंबीच्या शेपटीच्या शेवटच्या कांड्यातून गळ घातला की ती जिवंत राहते आणि पाण्यात उलट्या उड्या मारते. सरकतं शिसं, हलकं. आणि गळाच्या वर दोन हात लांबीचं जाड तंगूस. ते कशासाठी ते पुढे सांगतो.

पहिला तास शिंगाळ्यांचा. दोन आले. त्यांचे काटे विषारी असतात हे तुला सांगायला नको. फडक्यात धरून गळ काढले आणि दोन्ही सोडून दिले. मग साडेसातला ओढ आली. ओढ कसली, काठीच पाण्यात गेली! मी घाबरून रिळाचा अटकाव घट्ट केला. तिथेच चूक झाली. दोरी ताठ झाली, गुणगुणली आणि तुटली. मित्रा, त्यानंतर दहा मिनिटं मी नुसता बसून राहिलो. हात कापत होते. एवढं वर्षभर लिहायचं, जुळवायचं आणि दोन बोटांच्या घाईने घालवायचं. भाई लांबून बघत होते. ते काही बोलले नाहीत, डब्यातली सर्वांत मोठी कोळंबी तेवढी काढून दिली.

दुसऱ्यांदा गळ बांधला, अटकाव सैल ठेवला. पाणी आता तिवरांच्या मुळांना लागलं होतं. पाणी भरताना त्या चिखलातून बारीक आवाज येत असतो, हजारो बिळांतून हवा सुटते, तळणीत काहीतरी चुरचुरावं तसा. सव्वाआठला दोरी हळूच एका बाजूला सरकली. या वेळी मी काही केलं नाही. तीनपर्यंत मोजलं आणि काठी उचलली. तो उसळला! पाण्याबाहेर पूर्ण, कल्ले फाकवून, डोकं झाडत. रुपेरी, पाठीवर हिरवट करडा, गोल शेपटी. मग तिवरांकडे धावला. मी दोरी जाऊ दिली, पुन्हा गुंडाळली, पुन्हा जाऊ दिली. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. भाईंनी खाली उतरून जाळीत घेतला.

जिताड्याचा डोळा तू अलिबागच्या बाजारात बघतोस तो मेलेला डोळा. जिवंत डोळ्यावर ऊन तिरकं पडलं की आतून निखाऱ्यासारखा लालसर उजेड येतो. मी तो डोळा बघत बसलो आणि नको तिथे अंगठा ठेवला. कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते. चांगलं अर्धा इंच कापलं. जाड तंगूस यासाठीच असतं. पट्टी बांधूनच पत्र लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

भाईंनी लगेच डोक्यावर एक टोला दिला, कल्ल्याखाली कापून रक्त वाहून जाऊ दिलं आणि मी तो बर्फाच्या पेटीत ठेवला. हे सगळं दोन मिनिटांत व्हायला हवं. तडफडून मेलेला मासा आणि असा ठेवलेला मासा यांच्या चवीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आज तो मला जिभेने कळला. एकच घेतला आणि उठलो. सव्वानऊला बांधाच्या तिसऱ्या दगडाला पाणी टेकलं आणि थांबलं. घड्याळात बघितलं. नऊ अठरा. काका असते तर त्यांना ते घड्याळ दाखवलं असतं.

एक सांगून टाकतो, कारण तू विचारणारच. पाणी कसं आहे? आपल्या बडोद्याच्या कारखान्यांचं सांडपाणी नेणारा लांबलचक कालवा सरोदजवळ महीच्या मुखात पडतो. मला त्याची काळजी वाटते. मी त्या बाजूला जात नाही, तळाला राहणारे मासे खात नाही, आणि महिन्यातून एकदाच आणतो. भाईंचं घर मात्र त्याच पाण्यावर चालतं. ते म्हणतात, त्यांच्या लहानपणी पायी जाऊन जेवढं मिळायचं त्याच्या पाव हिश्शानेही आता मिळत नाही. हे लिहिताना हात जड होतो. ज्याच्या पाण्यातून आज माझ्या ताटात मासा आला, त्याच्यासाठी मी काय करतोय, हे मला स्वतःला विचारावं लागेल.

आणि मोठा मिळाला असता तर सोडला असता. जिताडा लहानपणी नर असतो आणि वाढला की मादी होतो. म्हणजे थोराड जिताडे बहुतेक अंडी घालणाऱ्या माद्याच. आपल्याकडे पेणच्या तळ्यांतले मोठे जिताडे लग्नकार्याला काढत, तेव्हा हे कुणाला माहीत होतं?

आता स्वयंपाक. काकूंना हा भाग मोठ्याने वाचून दाखव, आणि चुकलं असेल तिथे त्यांनी मला खुशाल रागवावं.

परसातल्या नळाखाली साफ केला. खवले मोठे आणि घट्ट, विळीच्या पाठीने शेपटीकडून डोक्याकडे काढले. पोट स्वच्छ, आत दोन अर्धवट पचलेल्या बोय होत्या. डोकं आणि शेपटी कालवणाला. मधल्या नऊ तुकड्या. मीठ, हळद लावून अर्धा तास. पाच तुकड्या तळायला, चारांचं खडखडलं, म्हणजे बिनपाण्याचं सुकं. जिताड्याचं खडखडलं करतात का, असं ही विचारत होती. बोंबलाचं करतात हे मला माहीत आहे, पण मला आज तेच खायचं होतं.

कालवण हिने केलं. भरपूर ठेचलेली लसूण तेलात तांबूस, त्यावर तिखट-हळद, लगेच चिंचेचा कोळ म्हणजे तिखट जळत नाही, पाणी, मीठ, दोन हिरव्या मिरच्या. उकळी फुटल्यावर डोकं सोडलं. शेवटी चमचाभर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून. कांदा नाही, वाटण नाही. ही चातुर्मासात मासे खात नाही, त्यामुळे चार महिन्यांनंतरचं तिचं हे पहिलं कालवण. तिने पळीने हातावर घेऊन चाखलं आणि काही न बोलता झाकण ठेवलं. म्हणजे जमलं.

खडखडलं मी केलं. पसरट पातेल्यात तेल, लसूण, तिखट, चिंच, मीठ, कोथिंबीर, सगळं हाताने तुकड्यांना चोळून एक थर लावला. पाण्याचा थेंब नाही. मंद आच, वर झाकण. आणि मग काकू करायच्या तसं: चमचा लावायचा नाही, पातेलं दोन्ही हातांनी फडक्यात धरायचं आणि खडखडवायचं. आठवतं? आपण शाळेतून आलो की पायरीवरच तो आवाज ऐकू यायचा आणि तू दप्तर टाकून आत धावायचास. आज माझ्या हातून पहिल्यांदा तोच आवाज निघाला. तुकड्या मोडल्या नाहीत. झाकण काढलं तेव्हा कडेने तेल सुटलेलं आणि मसाला तुकडीला धरून बसलेला.

गरम भात, कालवण, तांदळाची भाकरी. मांस पांढरं, पापुद्र्यांनी सुटणारं, काटे मोजके. पेणकडच्या खारेपाटातल्या तळ्याचा जिताडा थोडा मऊ असतो, हा घट्ट होता, आणि त्याला एक गोडी होती ती मला शब्दांत सांगता येत नाही. डोकं मीच खाल्लं. गालाची ती गोल चकती मात्र काढून हिच्या ताटात ठेवली, काका काकूंच्या ताटात ठेवायचे तशी.

आता तू कधी येतोस ते सांग. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी मी धरून ठेवली आहे. तुझ्या अलिबागला त्या पहाटे सव्वापाचला पाणी भरेल आणि तेच पाणी सव्वानऊला माझ्या बांधाशी येईल. तू पंचमीच्या रात्रीच गाडीत बस. येताना आमसुलं आण, इथली काळी आणि कोरडी असतात. चिंचेचा कोळ किती ते काकूंना विचारून लिहून आण, मला आज किंचित जास्त वाटला. पायात घालायला जुने कापडी बूट आण.

आणि एक काम कर. काका पंचांगाच्या समासात भरतीच्या वेळा पेन्सिलने लिहायचे. ती जुनी पंचांगं काकूंनी टाकलेली नाहीत, अलिबागला माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, मागे तूच म्हणाला होतास. त्यातलं १९७९ चं काढ. कार्तिक शुद्ध द्वादशीच्या ओळीपुढे नऊ लिहिलेलं असेल. त्याच्यापुढे, पेन्सिलनेच, अधिक चार लिही.

तुझा,
दांडिया बाजारातला